साखरेवाचूनचा गोडवा आणि मधुमेह
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मधुमेहाचे नाव आता आपल्या कोळीवाड्यात कुणाला नवीन राहिलेले नाही. त्याच्या पाठोपाठ बिनसाखरेच्या गोडाच्या पुड्याही घरोघरी आल्या. "नैसर्गिक आहे, शुगर बरी करते," असे सांगणारे भेटतात. गेल्या वर्षी आपल्यापैकी एका मावशींनी चहात स्टीव्हियाचा पाला घालायला सुरुवात केली आणि त्या भरवशावर गोळ्या सोडल्या. पुढे पायाची जखम चिघळून त्यांना इस्पितळात राहावे लागले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

स्टीव्हिया हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पराग्वे देशाकडचे झुडूप. त्याचा शुद्ध अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो, आणि त्याने रक्तातील साखर वाढत नाही. भारतात 2015 साली त्या अर्काला परवानगी मिळाली. पण ती खाण्यात गोडीसाठी, औषध म्हणून नव्हे.

मग अशा गोडाने मधुमेह बरा होतो का, हे कोणी तपासलेच नाही काय? तपासले आहे. टॅगॅटोज नावाची एक साखर आहे. दुधातल्या साखरेपासून ती तयार करतात. गोडी जवळजवळ आपल्या साखरेएवढी, उष्मांक मात्र निम्म्याहून कमी. गिल्बर्ट लेव्हिन या अमेरिकन गृहस्थांनी तिचा पाठपुरावा केला. हेच गृहस्थ 1976 साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांवरील जीवशोधाच्या प्रयोगाचे प्रमुख! कुठे मंगळ आणि कुठे चहाचा पेला! टॅगॅटोजची औषध म्हणून मोठी चाचणी झाली, आणि तीत आपल्या भारतातलेही रुग्ण होते. पंधरा ग्रॅम पाण्यात घालून दिवसातून तीनदा, असे दहा महिने दिले. 2010 साली निकाल आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा उतरला खरा, पण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. साध्या मेटफॉर्मिनच्या गोळीने तो बहुधा एक टक्का किंवा अधिक उतरतो. टॅगॅटोजचे औषध काही झाले नाही.

तेव्हा दिवसाकाठी चार-पाच कप गोड चहा पिणारीने साखरेऐवजी असे काही घातले, तर तेवढी साखर पोटात जायची वाचते. फायदा इतकाच. नारळीभात स्टीव्हियाने गोड केला तरी त्यातला तांदूळ तांदूळच राहतो, आणि भाताचीही शेवटी साखरच होते. गुळाला तर मी या यादीत बसूच देत नाही. रंगाने काळा म्हणून तो गरीब नव्हे. रक्तात तो साखरेसारखाच चढतो.

आता धक्क्यावर जाणाऱ्या भगिनींसाठी. पहाटे इन्शुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी निघालात, तर काही औषधांनी साखर फार उतरते. दरदरून घाम येतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी ही बिनसाखरेची पुडी काडीच्या उपयोगाची नाही. खरी साखर, तीन-चार लहान चमचे, पाण्यात ढवळून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी, आणि मग काहीतरी खावे. बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट इस्पितळ गाठावे. पाटीबरोबर साखरेची एक पुडी कमरेला असू द्या, आणि ती कशासाठी आहे हे शेजारी बसणारणीलाही सांगून ठेवा.