गाडी मागून का बसते?



आज आपण गाडीविषयी चार गोष्टी बोलू. आमच्या लहानपणी जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघर बैलगाडी होती. मोटार मात्र क्वचित दिसे. आज बैलगाड्या मोजक्या उरल्या आहेत आणि दारोदार पिकअप उभी दिसते. टोमॅटो नारायणगावला न्यायचा, पिकअप. कांदा वाशीला न्यायचा, पिकअप. घरासाठी सळई आणायची, तरी पिकअपच. ही गाडी आता घरचे जनावर झाली आहे. जनावराची काळजी आपण घेतो, तशी हिचीही घेतली पाहिजे.

तुम्ही पाहिले असेल. भरलेली पिकअप रस्त्याने जाते, तेव्हा ती मागून जमिनीकडे बसलेली असते आणि तोंड आभाळाकडे असते. रात्री तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आपण म्हणतो, "माल लई भरलाय." आणि विसरून जातो. पण हे विसरण्यासारखे नाही. का, ते सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याने कर्ज काढून पिकअप घेतली. त्याची आई आपल्या या वर्गात येते. ती इथेच बसली आहे. तिला विचारूनच आम्ही ही हकीकत सांगत आहोत.

एकदा तो टोमॅटो घेऊन वाशीला गेला. येताना त्याला परतीचे भाडे मिळाले. फरशीची ४० खोकी होती. एका खोक्याचे वजन २५ किलो. म्हणजे सगळे मिळून १००० किलो झाले. गाडीत रिकामे क्रेट पुढच्या बाजूला आधीच रचलेले होते. ते कोण हलवणार? म्हणून त्याने खोकी अगदी मागे, फळक्याजवळ रचली. उतरवायलाही सोपे जाईल असे त्याला वाटले. केबिनमध्ये बायको होती, मांडीवर पोर होते.

माळशेज घाट चढताना रात्र झाली होती. पाऊस भुरभुरत होता. एका वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवले. स्टिअरिंग लोण्यासारखे फिरले, पण गाडी वळेना. ती सरळ कठड्याकडे निघाली. त्याने ब्रेक दाबला. गाडी कठड्याला नाक लावून उभी राहिली. कठड्यापलीकडे काय आहे, ते माळशेज पाहिलेल्याला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे आला. तोंड उतरलेले होते. म्हणाला, "गुरुजी, गाडी मागनं बसतीया. मिस्त्री म्हणतो, दोन पाटे वाढव. थोडे पैसे उसने द्या. हप्ता भरला, आता हातात काही नाही."

आम्ही म्हटले, "पैसे देतो. पण आधी गाडी दाखव."

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. मोटारीची विद्या काही शिकलो नाही. पण तीसहून अधिक वर्षे आम्ही शाळेत तरफ शिकवली. आणि आमचे वडील बैलगाडी हाकत. या दोन गोष्टी त्या दिवशी कामाला आल्या.

आधी गाडीच्या खाली काय असते ते पाहू. मागच्या दोन चाकांना जोडणारा धुरा असतो. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाटे असतात. एकाखाली एक, लांब पाट्याखाली आखूड पाटा, अशी त्यांची जुडी असते. जुडीला धनुष्यासारखी कमान असते. ती धुऱ्याला यू बोल्टने आवळलेली असते. गाडीचे ओझे या पाट्यांवर येते. ओझे आले की कमान सपाट होऊ लागते आणि गाडी खाली येते.

इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १६७८ साली हा नियम छापून जगापुढे मांडला. स्प्रिंगवर भार जितका वाढतो, तितकी ती दबते. दुप्पट भार, तर दबणेही दुप्पट. आपले पाटे हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. तेव्हा भरलेली गाडी थोडी बसणारच. मोकळी पिकअप मागून उंच दिसते, ती याचसाठी. माल भरल्यावर ती सरळ यावी अशी तिची बांधणी असते. थोडे बसणे हे दुखणे नव्हे. तोंड वर होईपर्यंत बसणे, हे दुखणे.

हे दुखणे चार कारणांनी होते. पहिले, माल जास्त. दुसरे, माल चुकीच्या जागी. तिसरे, पाटे थकलेले. चौथे, मागच्या टायरांत हवा कमी. औषध कारण पाहून द्यावे. ताप कशाचा हे न पाहता सुई टोचली तर रोगी बरा होत नाही.

आम्ही पहिले कारण तपासले. गाडीचे आरसी कार्ड मागवले. त्यावर दोन आकडे असतात. एक मोकळ्या गाडीचे वजन, दुसरा भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. अक्षरे बारीक होती आणि आमचा चष्मा घरात राहिला होता. तेव्हा त्याची आई पुढे आली. म्हणाली, "द्या गुरुजी, म्या वाचते." तिने बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मोकळी १७००. भरलेली ३०००. मंडळी, दोन वर्षांपूर्वी ही बाई अंगठा उठवीत होती.

आता वजाबाकी करा. ३००० वजा १७००, उरले १३०० किलो. पण हे सगळे मालाचे नव्हे. चालक आणि सोबतचे माणूसही यातच धरायचे. दोघांचे १५० किलो धरले, तर मालाला ११५० किलो उरतात. ५० किलोच्या कांद्याच्या गोण्या भरायच्या, तर २३ गोण्या. चोविसावी गोणी जास्तीची. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. ते तुम्ही स्वतः वाचा आणि स्वतः वजाबाकी करा.

आमच्या विद्यार्थ्याचा माल १००० किलोच होता. म्हणजे भार जास्त नव्हता. मग गाडी बसली का?

आता बैलगाडी आठवा. सगळा माल मागे टाकला की गाडी उलाळ होते. जू वर उचलते. बैलांच्या गळ्यातले जोते आवळते आणि बैल घुसमटतात. सगळा माल पुढे टाकला, तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. म्हणून जुनी माणसे गोणी पुढे-मागे सरकवून गाडी तोलून घेत. पिकअपचे तसेच आहे. तिची पुढची चाके म्हणजे तिचे बैल. वळायचे काम तीच करतात. ब्रेकचे मोठे कामही त्यांचेच. त्यांच्यावरचे ओझे उचलले गेले, तर ती रस्त्याला धरणार कशी? चढावर तर गाडीचा भार आणखी मागे येतो. त्यातून रस्ता ओला. घाटात स्टिअरिंग हलके का झाले, ते आता कळले ना?

याचा हिशेब मांडू. पुढच्या आणि मागच्या चाकांत १० फूट अंतर धरा. मागचा धुरा म्हणजे तरफेचा टेकू. खोक्यांचा मध्य त्या धुऱ्याच्या दीड फूट मागे होता. १००० ला दीडने गुणा आणि १० ने भागा. येतात १५०. म्हणजे पुढच्या चाकांवरचे १५० किलो उचलले गेले. हेच १५० मागच्या चाकांवर गेले. माल १००० किलोचा, पण मागच्या पाट्यांवर भार आला ११५० चा.

नुसत्या हिशेबावर त्याचा विश्वास बसेना. खोकी अजून गाडीतच होती. म्हणून आम्ही क्रेट उतरवले आणि गाडी वजनकाट्यावर नेली. काट्यावर फक्त पुढची चाके चढवली. मोकळ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ९५० किलो भार असे, ते त्याच्या जुन्या पावतीवर होते. आता काटा ८०० च्या आसपास दाखवू लागला! गाडीत माल चढला आणि पुढचे वजन घटले. त्याने कपाळाला हात लावला.

मग आम्ही सर्वांनी मिळून खोकी पुढे सरकवली. केबिनच्या भिंतीला टेकवून, खाली सपाट, दोन्ही बाजूंना सारखी रचली. दोराने घट्ट आवळली. आता खोक्यांचा मध्य धुऱ्याच्या दीड फूट पुढे आला. पुन्हा काट्यावर गेलो. पुढचा भार ११०० च्या जवळ आला. मागच्या पाट्यांवर मालाचे उरले ८५० किलो. म्हणजे ११५० चे ८५० झाले. एकही खोके खाली न उतरवता मागचे १२ खोक्यांचे ओझे कमी झाले. गाडीचे तोंडही खाली आले. खर्च काय झाला? अर्धा तास, थोडा घाम आणि काट्याचे पैसे. पाट्यांचे पैसे वाचले.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जड माल पुढे आणि खाली. हलका माल मागे आणि वर. जड मालाचा मध्य मागच्या धुऱ्याच्या पुढेच असावा.

आता तिसरे कारण, थकलेले पाटे. ते ओळखायचे कसे? मोकळी गाडी सपाट जागी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा. दोन्ही बाजू मोजा आणि वहीत लिहून ठेवा. नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. दर दोन-तीन महिन्यांनी असे करा. मोकळी गाडीच पूर्वीपेक्षा खाली दिसू लागली, किंवा एक बाजू कलली, तर पाट्यांची कमान गेली असे समजा. पाट्याला चीर आहे का, यू बोल्ट ढिले आहेत का, तेही पाहा. चीर गेलेला पाटा बदलावाच. कमान गेली असेल तर चांगला कारागीर पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान देतो, किंवा नवे घालतो. काम दोन्ही बाजूंचे बरोबर करावे. आणि काही दिवस गाडी चालली की यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

पुष्कळजण म्हणतात, "शॉकअप गेले, म्हणून गाडी बसली." तसे नाही. पाट्यांच्या गाडीत ओझे पाटे उचलतात. शॉकअप फक्त गाडीचे हेलकावे थांबवतो. तो बदलून हेलकावे कमी होतील, बसणे नव्हे.

टायरच्या हवेचे सोपे आहे. मोकळ्या गाडीला किती, भरलेल्या गाडीला किती, हे बहुधा दाराजवळच्या चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. टायर थंड असताना हवा तपासावी. कमी हवेच्या टायरवर ओझे टाकले की तो तापतो आणि फुटतो.

आता राहिले पाटे वाढवणे. मिस्त्री अगदीच चुकीचे बोलत होता असे नाही. काही गाड्यांना हेल्पर पाटा असतोच. तो मोकळ्या गाडीत स्वस्थ असतो आणि माल भरला की आधार देतो. अमेरिकेत पिकअपच्या मागच्या धुऱ्यावर हवेच्या रबरी पिशव्याही बसवतात. माल असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कमी करायची. पण तिकडे काय आणि इकडे काय, नियम एकच. पाटा वाढवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. धुरा तोच. टायर तेच. ब्रेक तेच. गाडी वरून सरळ दिसते आणि आपण फसतो. बसलेली गाडी निदान सांगते, "बाबा, मला झेपत नाही." पाटे वाढवून आपण तिचे तोंड बांधतो.

आणखी एक धोका आहे. काही गाड्यांत मागच्या धुऱ्याजवळ एक झडप असते. गाडी किती दबली, यावरून ती मागच्या ब्रेकला कमी-जास्त जोर देते. पाटे वाढवले की गाडी दबत नाही. झडपेला वाटते, गाडी मोकळी आहे. मग ऐन उतारावर मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून बनवणाऱ्याने त्या गाडीसाठी जे ठरवून दिले आहे, तेवढेच बसवावे. मूळ बांधणीत बदल करण्याआधी आरटीओत विचारावे.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. २०१९ साली तो सुधारला. त्यात ठरलेल्यापेक्षा जास्त भार भरल्यास २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असे लिहिले आहे. जादा माल स्वतःच्या खर्चाने उतरवावा लागतो, तो वेगळाच. दहा गोण्यांचे जादा भाडे किती आणि हा दंड किती, हाही हिशेब घरी करून पाहा.

तर मंडळी, क्रम असा ठेवा. आधी आकडे वाचा. मग माल बेताचा भरा. तो पुढे आणि सारखा रचा. हवा पाहा. पाटे मोजा. एवढे करूनही गाडी बसली, तरच मिस्त्रीकडे जा.

आमचा विद्यार्थी आता गाडीत टेप आणि वही ठेवतो. आणि माल भरून निघण्यापूर्वी त्याची आई गाडीभोवती एक फेरी मारते. परवा तिने त्याला दारातच अडवले. म्हणाली, "तेवीसच्या वर चार दिसत्यात. उतरव." तो कुरकुरला, पण त्याने चार गोण्या उतरवल्या. त्या दुसऱ्या खेपेला गेल्या. चार गोण्या एक दिवस उशिरा बाजारात पोहोचल्या, एवढेच झाले.

त्या मावशी आता मान खाली घालून हसत आहेत. हसू द्या. वाचायला शिकल्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले, तर त्यांच्याकडे बोट दाखवा.

राम राम.