वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलताना

(ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या ग्रंथालयाला शंभर वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्याच्या कार्याचा हिशेब वार्षिक अहवालांवरून मांडला जातो. सभासद किती, ग्रंथ किती, नियतकालिके किती, वर्षभरातील देवघेव किती, हे त्यात नमूद असते. पदाधिकाऱ्यांची पदरमोड आणि देणगीदारांचे औदार्य यांचीही नोंद होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु एक गोष्ट कोणत्याही अहवालात सापडत नाही. पुस्तक परत करताना देवघेवीच्या टेबलापाशी वाचक त्याविषयी एखादे वाक्य बोलून जातो. "हे अवश्य न्या" किंवा "शेवटी फसले हो" एवढेच ते वाक्य असते. मागे उभा असलेला दुसरा वाचक ते ऐकतो आणि त्याचा हात त्या पुस्तकाकडे वळतो किंवा मागे येतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यांतील एक सूत्र. तालिका आणि वर्गीकरण यांच्याइतकेच हे सूत्र त्या टेबलापाशी उच्चारलेल्या वाक्यामुळे सिद्धीस जाते. आजच्या विवेचनाचा विषय ते वाक्यच आहे.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत ग्रंथ प्रथम कानांनी वाचला गेला. हे प्रदेश नव्या काबिजातींतले; अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली स्थिरावले. जुन्या काबिजातींत त्याआधी दोन शतके जे घडले त्याची झळ येथील देवळांना आणि पोथ्यांना त्या प्रमाणात लागली नाही. घरोघरी श्रावणात पोथी लावली जाई. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि पडवीत बसलेल्या श्रोत्यांनी मध्येच शंका काढावी, अशी रीत होती. 'पांडवप्रताप' चालू असताना कर्णाची बाजू घेणारा आणि अर्जुनाची बाजू घेणारा असे दोन पक्ष पडले तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. ज्यांचे नाव आज विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला दिलेले आहे, त्या सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे अक्षरओळख नसलेल्यांनाही मुखोद्गत असत. वाचणे, ऐकणे आणि मत देणे या तीन क्रिया तेथे एकाच बैठकीत होत होत्या.

छापील पुस्तक आले आणि ही बैठक मोडली. पुस्तक घरी नेऊन एकट्याने वाचण्याची वस्तू झाली. हा लाभच होता. एकांतातील वाचनाने मनुष्य स्वतःशी बोलू लागतो. गोमंतकात याचे सर्वांत ठळक उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे आहे. सांखवाळच्या या तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' या मासिकातील बुद्धचरित्रविषयक मजकूर पडला आणि त्यातून जडलेल्या ओढीने १८९९ साली त्यांनी घर सोडले. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा तो प्रवास 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी सांगितला आहे. मुलांसाठी निघणाऱ्या एका मासिकातील मजकुराने पाली भाषेचा जागतिक कीर्तीचा पंडित घडवला. त्या काळी ते मासिक वाचलेले आणखी कितीतरी जण असतील. त्यांनी ते वाचले आणि ठेवून दिले. कोसंबींनी वाचलेल्याला उत्तर दिले. पुस्तकाविषयीचे मत म्हणजे मुळात असे उत्तर असते.

मात्र एकट्याने वाचलेले एकट्यापाशीच राहण्याचा धोकाही त्याबरोबर आला. पणजीला १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. आज ते कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. पण राज्यकर्त्यांच्या भाषेतील त्या ग्रंथसंग्रहात गावोगावच्या मराठी वाचकाला फारसे स्थान नव्हते. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदू समाजाला मोकळा श्वास घेता आला आणि शाळांबरोबर वाचनालयेही लोकांनी आपल्या हिमतीवर उभी केली. हा उमाळा ओसरण्याआधीच १९२६ साली तेथे लष्करी राजवट आली. पुढे सालाझारची हुकूमशाही दृढ झाली आणि मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जाऊ लागला. अशा काळात पुस्तकाविषयी उघड बोलणे हे धोक्याचे होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी सीमा बंद झाली आणि बांदा-सावंतवाडीकडून येणारी नित्याची वाट अडली. पुस्तक जपून वाचावे आणि मत पोटात ठेवावे, ही सवय त्या पिढीच्या हाडीमाशी खिळली असेल तर तिला दोष देता येणार नाही.

१९ डिसेंबर १९६१ नंतर ती भीती गेली. गावोगावी मराठी शाळा निघाल्या, पुढील वर्षी बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'गोमन्तक' दैनिक सुरू झाले आणि वाचकवर्ग विस्तारला. तरीही मोकळेपणाने मत देण्याची सवय म्हणावी तशी रुजली नाही. त्याची दोन कारणे येथील वाचकाच्या जीवनातच आहेत.

पहिले कारण भाषेच्या भीतीचे आहे. पेडण्याचा किंवा डिचोलीचा वाचक घरात आपली बोली बोलतो आणि हातात मराठी पुस्तक धरतो. वाचताना त्याला काही अडत नाही. परंतु चार माणसांत पुस्तकावर बोलण्याची वेळ आली की आपल्याला ग्रंथातल्यासारखी मराठी बोलता येणार नाही, या संकोचाने तो गप्प बसतो. मग बोलतात ते शिक्षक, प्राध्यापक आणि वक्ते. त्यांचे बोलणे शुद्ध असते. पण कित्येकदा ते प्रस्तावनेवरून आणि पुरस्कारांच्या यादीवरून केलेले असते. ज्याने पुस्तक रात्र जागून वाचले तो शेवटच्या रांगेत ऐकत बसतो. चर्चेला भाषाशुद्धीची अट घातल्याने ग्रंथालयाचे केवढे नुकसान झाले, याचा विचार मराठीच्या अध्यापकांनी तरी अवश्य करावा. मत बोलीत दिले म्हणून ते उणे ठरत नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे आणि शताब्दीच्या मंगल प्रसंगीही ते टाळणे योग्य नव्हे. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा या दोन घटनांनी गोमंतकातील वाचकांचे तट पाडले. कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मान्यता दिली. परंतु कायद्याआधीच्या आंदोलनांत माणसे दुखावली, मैत्र्या तुटल्या. त्याचा परिणाम कपाटांवरही झाला. लेखक कोणत्या बाजूचा, हे आधी विचारले जाऊ लागले. पुस्तक कसे आहे, हे नंतर. पुष्कळदा ते विचारायचे राहूनच गेले.

याचे एक उदाहरण डिचोलीच्या अगदी अंगणातले आहे. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कोकणी कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. खाण येते आणि शेतीवर उभे असलेले गाव, त्यातील एक कुटुंब, आतून कसे उसवत जाते, हा तिचा विषय. लोहखनिजाच्या खाणींनी ज्या तालुक्याची डोंगरमाथ्यापासून शेतापर्यंत सर्व घडी बदलली, तो हा डिचोली तालुका. २०१२ साली खाणी बंद पडल्या, काही सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. या काळात ट्रकच्या कर्जाचे हप्ते आणि पडीक शेते यांचा हिशेब येथील घराघरांत झाला. 'अच्छेव'वर मत देण्याचा अधिकार गोव्यात कोणाला असेल तर तो येथील वाचकाला. लेखकाने खाणीचा विध्वंस दाखवला, पण खाणीने ज्यांची चूल पेटवली त्यांची बाजू पुरेशी दाखवली का, असे तो विचारू शकेल. किंवा लेखकाने सांगितले त्याहून भयंकर आपण पाहिले, असेही तो म्हणू शकेल. परंतु लेखक राजभाषा आंदोलनात कोकणीच्या आघाडीवर होते, एवढ्यावरून ज्यांनी पुस्तक उघडलेच नाही, त्यांनी स्वतःच्या गावाची कथा ऐकण्याचे नाकारले. हानी लेखकाची झाली नाही.

महाबळेश्वर सैल यांच्या 'हावठण' या कोकणी कादंबरीला २०१६ चा सरस्वती सन्मान लाभला. तिचा विषय कुंभारसमाजाचे जीवन हा आहे. डिचोलीची मातीची भांडी गोवाभर प्रसिद्ध. पुरस्कार-समितीचे मत मोलाचे आहेच. पण ज्याच्या घरात चाक फिरले आहे अशा वाचकाचे मत तिला पर्याय नसलेली जोड आहे. माती कशी मळली जाते, भट्टी कधी बिघडते, हे लेखकाने बरोबर टिपले की ऐकीव लिहिले, हे तोच सांगेल. सैल यांचीच 'तांडव' ही मराठी कादंबरी सोळाव्या शतकातील धर्मांतराच्या काळावर आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे देऊळ ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याला ती कादंबरी एका रीतीने भिडेल. ज्याच्या पूर्वजांनी त्या काळात धर्म बदलला आणि गाव सोडला नाही, त्या ख्रिस्ती वाचकाला ती दुसऱ्या रीतीने भिडेल. ही दोन्ही मते एकाच टेबलाभोवती ऐकली गेली तर त्या कादंबरीचे वाचन पूर्ण होईल. एकच ऐकले गेले तर अर्धे राहील.

याच डिचोलीत १८७७ साली वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, यांचा जन्म झाला. कोकणीच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी त्यांनी आयुष्य वेचले आणि मराठीच्या अभिमान्यांशी कडवा वाद घातला. त्यांचे म्हणणे मराठी वाचकाला पटणार नाही, हे शक्य आहे. पण 'कोंकणी भाशेचें जैत' वाचून न पटणे आणि न वाचता न पटणे यांत महदंतर आहे. पहिल्यात विचार असतो. दुसऱ्यात केवळ वारसा असतो. हीच अपेक्षा कोकणीच्या अभिमान्यांकडूनही करावयाची आहे. लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या मराठी कथा कोकणी वाचकाच्याही आहेत. बा. भ. बोरकरांनी तर दोन्ही भाषांत कविता लिहिली, आणि 'सासाय' या कोकणी संग्रहासाठी त्यांना १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवीने जे दार उघडे ठेवले ते वाचकाने बंद करावे, याला काय म्हणावे?

मत मोकळे असावे याचा अर्थ ते बेजबाबदार असावे, असा नाही. तेरेखोलपलीकडील आरवलीचे जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित' मासिकात वर्षानुवर्षे साहित्यिकांची थट्टा केली. ती थट्टा खपली आणि आवडली, कारण तिच्यामागे कसून केलेले वाचन आणि साहित्याविषयीचा जिव्हाळा होता. मत देणाऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असावे. सोडून दिले असेल तर कोठे आणि का सोडले, ते सांगावे. कथानक सांगत बसू नये. आपण कोठे थांबलो, कोठे अडखळलो, कोणते माणूस खोटे वाटले आणि कोणते ओळखीचे, हे सांगावे. "छान आहे" हा सौजन्याचा उद्गार आहे; त्याने पुढच्या वाचकाला काहीच कळत नाही. आणि पुस्तक वाचून आपले एखादे जुने मत बदलले असेल तर तेही सांगावे. अशी कबुली देणारा वाचक चर्चेला सर्वाधिक बळ देतो.

दुसऱ्या शतकात प्रवेश करताना ग्रंथालयाने यासाठी फार मोठा खर्च करण्याची गरज नाही. महिन्यातील एक सायंकाळ ठरवावी. प्रत्येकाने नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकावर पाच मिनिटे बोलावे. मराठीत, कोकणीत किंवा घरच्या बोलीत. दर तीन महिन्यांनी एक पुस्तक असे निवडावे की जे बहुसंख्य सभासदांनी केवळ लेखकाच्या नावामुळे टाळलेले आहे. टेबलावर एक अभिप्रायवही ठेवावी आणि एका वाचकाच्या मताखाली दुसऱ्याने आपले मत, मतभेदासह, लिहावे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही त्या वहीत हवे ते, हवे तसे लिहू द्यावे.

पडवीतील पोथीची बैठक आता परत येणार नाही. पण श्रोत्याने मध्येच हात वर करून शंका काढण्याचा जो हक्क तिने दिला होता, तो परत मिळवता येईल. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पै-पैशाने ही कपाटे भरली त्यांना पुस्तके नुसती सुरक्षित राहावीत, असे वाटत नव्हते. उद्या सकाळी ग्रंथालय उघडेल, कोणीतरी पुस्तक परत करील आणि मागे कोणीतरी उभा असेल. त्याने विचारण्याची वाट न पाहता पहिल्याने आपले मत सांगावे, आणि ते पुस्तक वाचून बनलेले असावे, एवढीच या प्रसंगी विनंती.

ग्रंथालयाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.