सम्यक आजीव आणि संकेतस्थळाचा व्यवसाय

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



आपली मुले पदवीधर होतात, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहतात आणि मधल्या काळात मोबाईलवर "घरबसल्या लाखो कमवा" ही हाक ऐकतात. ॲफिलिएट संकेतस्थळ हा त्यातलाच एक मार्ग. हा मार्ग खोटा नाही. परंतु जितका सोपा सांगितला जातो तितका तो सोपाही नाही.

बाजार समितीतला अडत्या माल आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून देतो व अडत घेतो. तसेच येथे आहे. आपण संकेतस्थळावर एखाद्या वस्तूची माहिती लिहितो आणि दुकानाचा दुवा देतो. त्या दुव्यावरून कोणी खरेदी केली तर दुकानदार आपणास कमिशन देतो. ॲमेझॉनने अशी योजना १९९६ साली सुरू केली. आता हिशेब करू. समजा, एक हजार लोकांनी लेख वाचला, पन्नासांनी दुवा उघडला आणि दोघांनी दीड हजारांची वस्तू घेतली. पाच टक्के दराने हाती आले दीडशे रुपये. म्हणजे हे काम वर्षांच्या चिकाटीचे आहे, महिन्याच्या चमत्काराचे नव्हे.

येथे एक सावधगिरी सांगतो. अनोळखी माणसाने वस्तू घेतली म्हणून कमिशन मिळत असेल तर तो धंदा. पण आधी फी भरून सभासद व्हा, मग आणखी सभासद आणा आणि त्यांच्या फीतून पैसे मिळवा, असे कोणी सांगत असेल तर ती साखळी आहे, नाव काहीही असो. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. आईचे मंगळसूत्र गहाण ठेवून अशी फी भरू नका.

कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थाने तथागतांना विचारले होते की, आम्हा संसारी माणसांचे याच जन्मी हित कशात आहे? भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या : उत्थानसंपदा, आरक्षसंपदा, कल्याणमित्रता आणि समजीविता. या धंद्याचा टिकाऊ पाया याच चार गोष्टींत आहे.

पहिली उत्थानसंपदा, म्हणजे उद्योगशीलता आणि कामातील कौशल्य. ज्याच्या घरी शिवणकाम चालते त्याने शिलाई यंत्रांवर लिहावे. ज्याने फवारणीचा पंप पाठीवर वाहिला त्याने पंपावर लिहावे. इतरांचे उतरवून काढलेले लिखाण टिकत नाही. गुगलने २०११ साली आणि पुन्हा २०२२ पासून शोधाचे नियम बदलले, तेव्हा पोकळ मजकुराची अनेक संकेतस्थळे मागे फेकली गेली. मार्च २०२४ मध्ये तर शोधात वर येण्यासाठी घाऊक तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध गुगलने स्वतंत्र नियमच केला.

दुसरी आरक्षसंपदा, म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरील कमिशन आठ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणले. जे त्या एकाच दुकानावर विसंबून होते त्यांना याचा मोठा फटका बसला. म्हणून दुकाने एकाहून अधिक ठेवा. संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवा, लेखांची प्रत घरी ठेवा आणि वाचकांच्या संमतीने त्यांचे ई-मेल पत्ते जपा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' सुरू केले, कारण दुसऱ्याच्या पत्रातील जागा ही दुसऱ्याच्याच मर्जीची असते.

तिसरी कल्याणमित्रता. वाचकाचे मित्र व्हा. इंग्लंडमध्ये मार्टिन लुईस यांनी २००३ साली काटकसरीचा सल्ला देणारे संकेतस्थळ काढले. सल्ला आधी लिहायचा, दुवा नंतर जोडायचा. कमिशनच्या दुव्यावर खूण करायची आणि कमिशन न देणारी वस्तू चांगली असेल तर तीही सांगायची, ही त्याची रीत. २०१२ साली ते संकेतस्थळ कमाल ८ कोटी ७० लाख पौंड अशा बोलीने विकले गेले. विश्वासाची किंमत ती हीच! आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या आणि केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोबदल्याचा संबंध उघड सांगावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

काय विकू नये हेही ठरवा. शस्त्रे, माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धवचन आहे. जुगाराला तर त्यांनी संपत्तीच्या नाशाचे द्वार म्हटले. सट्ट्याची ॲप्स मोठे कमिशन देऊ करतात, पण तो पैसा आपल्याच वस्तीतल्या मजुराच्या खिशातून येतो. संसदेने २०२५ साली केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांच्या जाहिरातीवरही बंदी घातली.

चौथी समजीविता, म्हणजे जमाखर्चाचा तोल. हातचे काम किंवा अभ्यास सोडून या मागे लागू नका. सिगालोवाद सुत्तात उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी. पहिल्या कमाईपासून वही ठेवा आणि कमिशन हे करपात्र उत्पन्न आहे हे विसरू नका.

संस्थेला माझी विनंती आहे की, वाचनालयात एक संगणक या कामासाठी राखून ठेवावा. तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून एकच विषय घ्यावा, आठवड्यास एक लेख लिहावा आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च सभेपुढे मांडावा. दोन वर्षांत लाखो रुपये मिळतील असे मी म्हणत नाही. पण लिहिण्याची, हिशेबाची आणि खरे बोलण्याची सवय नक्की लागेल. आणि ज्या तरुणाच्या शब्दावर अनोळखी माणूस विश्वास ठेवतो, तो तरुण उपाशी राहत नाही.