जोडी जमली पाहिजे

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी आपण पाहिला असेल. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. पण मनात त्याचा आणखी एक हिशेब चाललेला असतो: घरी दावणीला जो बैल उभा आहे, त्याच्या तोलाचा हा आहे का? लाल कंधारी असो की देवणी, एकटा बैल कितीही देखणा असला तरी औताला जोडी लागते. जोडी विजोड निघाली, की जू तिरके होते आणि तास वाकडे जाते.

मंडळी, आज मला बोलायचे आहे ते मात्र बैलांविषयी नाही, खेळांसाठी घ्यायच्या संगणकाविषयी. 'पोरांचा खेळ, त्यावर भाषण कशाला?' असे कोणी म्हणेल. पण हा खेळ पन्नास हजारांच्या घरात जातो, आणि आपल्या नांदेड-लातूरकडे ती रक्कम बहुधा सोयाबीनच्या राशीतून येते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. या विषयात मी पंडित नाही, ठेच लागून शहाणा झालो आहे.

२०२२ सालची दिवाळी झाली आणि आमच्या दादांनी सोयाबीन विकून मुलाच्या हाती पैसे ठेवले. पुतण्या नांदेडला शिकतो. त्याला अभ्यासाला आणि खेळायला चालेल असा संगणक हवा होता. आम्ही दोघे एका दुकानात गेलो. दुकानदाराने 'आरटीएक्स ३०६०' हे ग्राफिक्स कार्ड दाखवले. खोका मोठा, किंमतही मोठी. पैशांचा मेळ बसावा म्हणून त्याने प्रोसेसर मात्र जुना, वापरलेला बसवला: २०१७ सालचा 'रायझन ३ १२००'. मी खोक्याकडे पाहून मान डोलावली. चूक माझीही होती.

खोलीवर नेऊन खेळ लावला, तर चित्र अडखळत चाले. गाडी वळणावर आली की क्षणभर थबके आणि मग एकदम उडी मारी. पोरगा दोन महिने कोणाला काही बोलला नाही. बापाच्या घामाचे पैसे होते ना! संक्रांतीला घरी आला, तेव्हा हळूच म्हणाला, ''काका, दुकानदार म्हणतो याहून मोठं कार्ड घ्या.''

आता हे दोघे काय करतात ते पाहू. घरात भाकरी करताना एकजण थापते, दुसरी तव्यावर भाजते. खेळात प्रोसेसर थापतो, कार्ड भाजते. गाडी कुठे आहे, समोरचा खेळाडू काय करतो, कोण कोणाला धडकले, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काढायचे ते कार्डाला सांगतो. कार्ड मग पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर १००० भागिले ६०, म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरला २५ लागले, तर चित्रे ४० च निघणार. थापणारी मागे पडली, की तवा कितीही मोठा आणा, तो रिकामाच तापणार.

दादा हे सारे ऐकत होते. ते म्हणाले, ''म्हणजे एक बैल कंधारी अन् दुसरं गोऱ्हं जुंपलंय तुम्ही. बैल कशाला बदलता? गोऱ्हं बदला की!''

तरी आधी आम्ही परीक्षा केली. ती आपणही करू शकता. खेळातच चित्राचा दर्जा कमी करून पाहावा. तसे करताच सेकंदाची चित्रे वाढली, तर कार्ड कमी पडत होते असे समजावे. वाढलीच नाहीत, तर मागे पडणारा प्रोसेसर आहे. आमची चित्रे जिथल्या तिथे राहिली. मग कार्डाला हात न लावता, आणि मदरबोर्डही तोच ठेवून, फक्त त्यातली मूळ प्रणाली नवी करून घेतली व 'रायझन ५ ५६००' हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर बसवला. गाडी वळणावर थबकायची थांबली.

तेव्हा खरेदीचा क्रम लक्षात ठेवा. दुकानात पाऊल टाकण्याआधी ठरवावे, कोणते खेळ खेळायचे आणि पडदा कोणता. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. पडदा मोठ्या ठिपकेसंख्येचा घेतला, की ओझे वाढते ते मुख्यतः कार्डाचे. उलट, ज्या चुरशीच्या खेळांत सेकंदाला शे-दीडशे चित्रे हवी असतात, तिथे घाम निघतो प्रोसेसरचा. पडदाच ६० हर्ट्‌झचा असेल, तर तो सेकंदाला ६० हून अधिक चित्रे दाखवीत नाही, हेही विसरू नये.

पडद्यावरून कार्ड ठरवावे, कार्डावरून प्रोसेसर. खेळांसाठीच संगणक असेल, तर कार्डावर प्रोसेसरच्या साधारण दुप्पट खर्च होणे वावगे नाही. चौपट-पाचपट होऊ लागला, की थांबून विचारावे. नावाच्या पाटीला भुलू नये. २०१३ चा 'कोअर आय-७ ४७७०' हा २०२२ च्या 'आय-३ १२१००' च्या मागे पडतो. बैलाचे दात पाहतो तसे प्रोसेसरचे साल पाहावे. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची अंगची सोय नसते. कार्ड पुढच्या हंगामात घेऊ म्हणणाऱ्याने तो घेऊ नये. संगणक सुरू होऊनही पडदा काळाच राहील.

आणि पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. आपल्याकडे वीज खालीवर होते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हलका सप्लाय जळाला, तर जाताना जोडीलाही घेऊन जाऊ शकतो. पेटीत हवा खेळती हवी, आणि ती भिंतीला चिकटवून ठेवू नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गातली मुले या कार्डांची नावे पाठ म्हणतात. त्यांना फळ्यावर १००० भागिले ६० करायला लावा. साखळीचा वेग तिच्यातल्या सर्वांत मंद कडीवर ठरतो, हा धडा त्यांना आपोआप समजेल. पुढे गिरणीत, बाजार समितीत, कचेरीत, सगळीकडे उपयोगी पडेल.

आणि पालकांना एवढेच सांगेन, की पोराबरोबर दुकानात जा. संगणकातले कळत नाही म्हणून मागे राहू नका. 'या दोघांची जोडी जमते का?' हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आमच्या घरात तो मला सुचला नाही, माझ्या शेतकरी भावाला सुचला.