ज्याने त्याने आपला डबा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'नोकरीबद्दल बोलायचं नाही' अशी तंबीही दिली आहे. म्हणजे निम्मं भाषण गेलंच. सॉफ्टवेअर सोडून माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही असेल तर ती सायकल. तेव्हा आमच्या सायकल गटाच्या हिवाळी सहलीबद्दल आणि तिथल्या जेवणाबद्दल सांगते.

आपल्या शाळेचा सायकल स्टँड आठवत असेलच. एक सायकल कलंडली की अख्खी रांग आडवी व्हायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नव्हे. आपल्या वर्गातल्या मुली तर लांबलांबून यायच्या. पुढे कॉलेजात स्कूटी आल्या, मग लग्नं, मुलं, आणि सायकली जिन्याखाली गेल्या. माझी २०१९ मध्ये परत बाहेर आली. सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या ओळखीतून जमलेला हा गट आहे, तीसएक माणसांचा. नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. त्यामुळे भांडणंही कमी.

दर वर्षी २५ डिसेंबरला आम्ही स्वारगेटहून नसरापूरकडे जातो. एका बाजूने पस्तीसेक किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी सातारा रस्त्यावर गाड्यांची काय झुंबड असते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून पहाटे साडेपाचला निघतो. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, हेल्मेट सक्तीचं. दिवा नसेल त्याला आम्ही सरळ घरी पाठवतो, यात भीडभाड नाही. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी राहतो. त्याला आम्ही 'शेपूट' म्हणतो. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढा एकच कायदा.

कात्रजचा जुना घाट चढताना थंडी वाजत नाही, उलट जाकिटाची चेन उघडावी लागते. खरी थंडी बोगदा ओलांडून उतरताना लागते. घामाने ओला शर्ट आणि त्यावर समोरचा वारा! बोटं अशी आखडतात की ब्रेक दाबलाय की नाही तेही कळत नाही. त्यावर जुना उपाय म्हणजे बोगद्याशी थांबायचं आणि शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवायची. महागड्या विंडचीटरइतकंच काम करते. गटातले तरुण हसतात आणि पुढच्या वर्षी स्वतःच पेपर घेऊन येतात. चढावर गिअर हलका ठेवून पाय भराभर फिरवायचे, जोर लावायचा नाही. चाळिशीनंतरच्या गुडघ्यांसाठी हे लक्षात ठेवा.

नसरापूरच्या अलीकडे गटातल्या एकाचं शेत आहे, तिथे जेवण. इंग्रजीत त्याला पॉटलक म्हणतात, आपण मधल्या सुट्टीत जी करायचो ती अंगतपंगत. डिसेंबरात तर काही विचारू नका. बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी, डिंकाचे लाडू. एक गुजराती जोडपं उंधियू आणतं. कॅम्पातला एक ख्रिस्ती सहकारी नाताळची कुलकुलं आणतो. ती चमच्याच्या किंवा काट्याच्या पाठीवर वळायची असतात आणि त्याच्या घरी म्हणे अख्खं कुटुंब बसून वळतं.

पण आता जरा वेगळं सांगते, कारण ते या सभागृहातल्या एकीशी संबंधित आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव घेणार नाही.

पहिल्या वर्षी कोण काय आणणार त्याची यादी मी ऑनलाइन केली होती. (सवय, दुसरं काय.) बायकांच्या नावापुढे पदार्थ होते : मटार करंजी, मसालेभात, गाजर हलवा. पुरुषांच्या नावापुढे 'पाणी', 'कागदी प्लेट', आणि दोघांच्या पुढे नुसतंच 'येईन'. पहाटे स्वारगेटला मोजणी केली तर तीन बायका कमी. त्यांचे नवरे मात्र होते आणि नवऱ्यांच्या पाठीवर डबे होते. रात्री एकपर्यंत पंधरा-वीस जणांचं रांधून चार वाजता उठवलं नाही म्हणे त्यांना. करंज्या आल्या, करंज्या करणारी आली नाही. ती आपल्या वर्गातली. आठवीत आपल्या सगळ्यांच्या पुढे सायकल काढणारी.

करंज्या उत्तम झाल्या होत्या, सगळ्यांनी वाहवा केली. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना आम्ही मावशी म्हणतो. त्या तेवढ्या खाल्ल्या नाहीत. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून जो सायकल चालवील त्याने आपल्या हाताने केलेला एकच पदार्थ आणायचा, आपल्या सायकलवर. नवऱ्याचा बायकोने करायचा नाही, बायकोचा आईने करायचा नाही. येत नसेल त्याने पेरू कापून आणावेत."

बरीच कुरकुर झाली. 'सणाची मजाच जाईल', 'चव कशी असेल', 'आम्ही ऑफिस कधी करायचं'. शेवटचं वाक्य बोलणाऱ्याची बायकोही ऑफिसात जाते. मला स्वतःला नियम पहिल्या दिवसापासून पटला, पण टिकेल असं वाटलं नव्हतं. टिकला. एक निवृत्त बँक अधिकारी काका त्या वर्षी दिवाळीनंतर बाजरीची भाकरी थापायला बसले. बाजरीला चिकटपणा कमी, पीठ जुनं असलं की भाकरी काठाला चिरतेच. गरम पाण्यात मळायचं आणि पीठ ताजं दळून आणायचं, एवढं कळायला त्यांना महिना लागला. सहलीला आणलेल्या भाकरीचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता, कोकणासकट. संपली मात्र सगळ्यात आधी.

आणि आपली मैत्रीण? ती आदल्या रात्री दहाला झोपली. डब्यात काय आणलं, तर शेंगदाण्याची चटणी, पाच मिनिटांचं काम. मुलाची गिअरची सायकल घेऊन आली होती. कात्रजच्या अर्ध्या चढापर्यंत माझ्याबरोबर होती, मग तिने गिअर बदलला आणि गेली. बोगद्याशी पोचले तेव्हा ती कठड्यावर बसून चहा पीत होती, थर्मासमधला, स्वतः केलेला. त्या दिवशी तिने घरी फोन केला नाही. घरून दोनदा आला, 'चहाची पावडर कुठे आहे' म्हणून.

जेवणानंतर आम्ही बनेश्वरला जाऊन येतो. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं. तिथली घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या मोहिमेतून ती आली. इतिहासाच्या तासाला वसईवर पाच मार्कांचा प्रश्न होता, आणि घंटा तासाभराच्या अंतरावर होती, हे बाई, तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर डबा खात होतो.

परत येताना पोट भरलेलं आणि घाट पुन्हा चढायचा. ज्यांना जमत नाही त्यांच्या सायकली टेम्पोत टाकतो, त्याला कुणी हसत नाही.

येत्या २५ डिसेंबरला पहाटे साडेपाचला स्वारगेट. यादी या वेळीही मीच करतेय, बाहेर टेबलावर नाव द्या. सायकल नसेल तर दोन जादा आहेत. सर, बाई, तुमच्यासाठी गाडीची सोय करू, थेट शेतावर. डबा मात्र आपापल्या हातचा, मावशी विचारतात.