बिऱ्हाड हलविणारी पेढी आणि तिचे धनी



पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या संस्थेचे खरे धनी कोण, हा प्रश्न आपणां महाजनांस नवा नाही. त्याचा विचार आज मी एका दूरच्या उदाहरणावरून मांडणार आहे. ते उदाहरण कोणा देवस्थानाचे नसून, लोकांची बिऱ्हाडे एका गावाहून दुसऱ्या गावी हलविणाऱ्या इंग्लंडमधील 'पिकफर्ड्‌स' या पेढीचे आहे.

सतराव्या शतकापासूनचा वारसा ही पेढी सांगते. तिचे मूळ घराणे चेशायर परगण्यातले. अठराव्या शतकात जेम्स पिकफर्ड हा मँचेस्टर व लंडन यांच्या दरम्यान मालाच्या गाड्या चालवीत असे. त्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याची जलद गाडी तेवढे अंतर साडेचार दिवसांत तोडू लागली. पुढे कालवे झाले, तेव्हा पेढीने नावा बाळगल्या. परंतु व्याप वाढला तसा आर्थिक ताणही वाढला. १८१७ साली जोसेफ बॅक्सेंडेल आपल्या सहकाऱ्यांसह भागीदारीत आला आणि कारभार यथाक्रम त्याच्या घराण्याकडे गेला. नाव मात्र पिकफर्ड यांचेच राहिले.

रेल्वे आल्यावर पेढीने रेल्वेच्या मालाची ने-आण पत्करली. विसाव्या शतकात घरसामान हलविणे हा तिचा मुख्य लौकिक ठरला. याच शतकात ती प्रथम दुसऱ्या कंपनीच्या, मग चार मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या आणि १९४८ साली राष्ट्रीयीकरणामुळे सरकारच्या हाती गेली. १९६९ पासून ती राष्ट्रीय मालवाहतूक महामंडळाचा भाग होती.

आता मुख्य गोष्ट. सरकारने हा व्यवसाय विकावयास काढला, तेव्हा पीटर टॉम्प्सन यांच्या पुढाकाराने तो नोकरांनीच विकत घेतला. फेब्रुवारी १९८२ मध्ये किंमत ठरली ५ कोटी ३५ लक्ष पौंड. त्यातला मोठा भाग निवृत्तिवेतन निधीची तूट भरण्यास खर्ची पडला. सुमारे दहा हजार नोकर व निवृत्त मंडळींनी आपली शिल्लक त्यात घातली. गाडी हाकणारा आणि ओझे उचलणारा भागधारक झाला.

याचे मोल ध्यानी घ्यावे. बिऱ्हाड हलविताना गृहस्थ आपली भांडीकुंडी, आजीची पेटी, देव्हारासुद्धा परक्याच्या हाती देतो. पेढीचा धनी कोण, हे त्याला ठाऊक नसते. दारात आलेल्या माणसाच्या हातावर तो भरवसा ठेवतो. १९८२ साली भरवसा आणि मालकी एकाच हाती आली.

पण ती टिकली नाही. १९८९ साली समभाग लंडनच्या शेअर बाजारात आले. ज्या नोकरांनी ते चढ्या भावाने विकले, त्यांना दोष देता येत नाही. कित्येकांची घरे त्यातून उभी राहिली असतील. मात्र विकता येणारी मालकी विकली जातेच. १९९९ साली घरसामान हलविण्याची शाखा एका अमेरिकी समूहाकडे गेली, आणि पुढेही धनी बदलत राहिले. एवढ्या उलथापालथीत नाव तगले, ते ओझे जपून उतरविणाऱ्या माणसांमुळे.

महाजनपण आपणांस वंशपरंपरेने लाभते; ते बाजारात विकता येत नाही, हे आपले भाग्य. पण नुसते न विकल्याने संस्था जगत नाही. तिचे ओझे आपल्या खांद्यावर घेणारे हात प्रत्येक पिढीत लागतात. ते हात तरुणांनी पुढे करावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.