वादळ किनाऱ्यावर, पाणी वावरात

(वाशी, नवी मुंबई येथे कोरडवाहू शेतकरी कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



रात्रभराचा प्रवास करून तुम्ही नवी मुंबईत आलात आणि आजचा विषय चक्रीवादळ. कापूस-ज्वारीवाल्याचा समुद्राशी काय संबंध, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. संबंध आहे, आणि तो आपल्या खिशाला भोक पाडणारा आहे.

आपण बसलो आहोत तेथूनच सुरुवात करू. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटरवर पोचला. खोल समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचा 'पी-३०५' हा बार्ज बुडाला आणि कितीतरी कामगार प्राणाला मुकले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, 'निसर्ग' अलिबागजवळ जमिनीवर आले. रायगड-रत्नागिरीतल्या नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. हे सारे देशाने पाहिले. पडलेले झाड दिसते, उडालेले पत्रे दिसतात. वाऱ्याने केलेले नुकसान लपत नाही.

आता दुसरे वादळ पाहा. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. तेथून लातूर सुमारे ८०० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी बातमी आली, वादळ कमजोर पडले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि २७-२८ सप्टेंबरला मराठवाडा पाण्याखाली गेला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची माणसे छपरांवर चढून बसली, कपाशी आणि सोयाबीन उभ्या जागी सडले. या वादळाचे उरलेसुरले पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तेथे त्याने पुन्हा बळ धरले आणि 'शाहीन' असे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ते ओमानवर गेले. बंगालच्या उपसागरात त्याला नाव होते, अरबी समुद्रात नाव होते. आपल्या वावरावरून गेले तेव्हा तो नुसता 'कमी दाबाचा पट्टा' होता!

असे का होते ते समजून घ्या. चक्रीवादळ जगते समुद्राच्या गरम पाण्याच्या वाफेवर. जमिनीवर आले की वाफेचा पुरवठा तुटतो, झाडे-डोंगर अडवतात आणि वारा मंदावतो. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या खाली गेला की हवामान खात्याच्या हिशेबी ते चक्रीवादळ राहत नाही. पण आकाशात चढलेली वाफ कुठे जाते? गाडीचे बैल थकले म्हणून गाडीतला माल कमी होत नाही. उलट गाडी जितकी सावकाश चालते, तितका माल एकाच जागी उतरतो.

त्या मालाचे माप सांगतो. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. एका दिवसात ६५ मिलिमीटर पडला तर साडेसहा लाख लिटर. आपली काळी जमीन इतके पाणी एका दिवसात पीत नाही. मुळांची हवा कोंडते, हिरवीगार कपाशी दोन दिवसांत मान टाकते. फुटलेली बोंडे भिजली की कापूस पिवळा पडतो, सरकीला कोंब येतात. खरीप ज्वारीची कणसे काळी पडतात. रब्बी ज्वारीसाठी राखलेल्या रानात वाफसा येत नाही आणि पेरणीचे दिवस हातचे जातात.

वादळ पाऊस आणून मारते, तसे पाऊस नेऊनही मारते. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' अरबी समुद्रात दहा दिवस घोंघावत राहिले. मोसमी पाऊस ११ जूनला कोकणात आला आणि तेथेच थबकला. एरवी ११ जूनला मुंबईत येणारा पाऊस त्या वर्षी २५ जूनला आला. धूळपेरणी करून आभाळाकडे बघत बसणाऱ्याला हे दोन आठवडे काय असतात, ते तुम्हाला सांगायला नको. आणि अरबी समुद्र आता पूर्वीसारखा शांत नाही. त्यातली चक्रीवादळे १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले.

आता सरकारी हिशेबाकडे या. निसर्ग वादळानंतर राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळून एक कमी दाबाचे क्षेत्र जमिनीवर आले आणि तेलंगणातून सोलापूर, धाराशिव, पंढरपूर बुडवत गेले. त्याला कोणी नाव दिले नव्हते. त्या वेळी फळबागेला मिळाले हेक्टरी २५,००० आणि शेतातल्या पिकाला १०,०००. कोकणातल्या भावाशी आपले भांडण नाही. त्याची बाग पुन्हा उभी राहायला दहा-दहा वर्षे जातात, त्याला मिळाले तेही कमीच. भांडण आहे ते मोजमापाशी. डोळ्यांत भरणाऱ्या वाऱ्याला एक माप आणि मुकाट्याने मुरणाऱ्या पाण्याला दुसरे, हा कोणता न्याय?

अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस हवा. मापक मंडळाच्या एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्या गावावर. तीन दिवस रोज ४५ मिलिमीटर पडून रान चिबडले, तर या नियमात बसत नाही. ओरड झाली तेव्हा २०२३ मध्ये राज्याने सततचा पाऊसही आपत्ती मानला, पण त्यालाही अटी लावल्याच.

पीकविम्याचे तर विचारूच नका. कापून शेतात वाळत घातलेले पीक चौदा दिवसांच्या आत चक्रीवादळाच्या किंवा अवकाळी पावसाने भिजले तर भरपाई, अशी तरतूद केंद्राच्या योजनेत होती. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून केवळ पीक कापणी प्रयोगावर भरपाई ठरवली. कापणी प्रयोग झाला, उतारा चांगला भरला आणि चार दिवसांनी रानात पडलेली कणसे भिजून काळी झाली. कागदावर तुमचे नुकसान शून्य! शिवाय प्रयोगात मोजतात वजन. काळ्या ज्वारीला या वाशीच्या दाणाबंदरात कोण काय भाव देतो? १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा कापूस कापूस महामंडळ हमीभावाने घेत नाही. नुकसान भावात होते आणि मोजणी वजनाची होते.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकांत तीन कामे ठरवा.

पहिले, सप्टेंबर ते नोव्हेंबरात आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ येणार असे कळले की पुढचे चार दिवस हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा. 'कमजोर पडले' या शब्दाने निर्धास्त होऊ नका. फुटलेला कापूस वेचून कोरड्या जागी घ्या, ज्वारीची कापणी थांबवा, कापलेली कणसे झाका, उताराच्या बाजूने चर मोकळे करा.

दुसरे, गावोगाव एक पर्जन्यमापक आणि एक वही. रोज सकाळी साडेआठला नोंद, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. पंचनाम्याच्या वेळी सरकारच्या आकड्यासमोर आपला आकडा ठेवायचा. 'पाऊस लई झाला' या वाक्याला कचेरीत किंमत नाही, तारीखवार आकड्याला आहे.

तिसरे, मागणी. कापणीनंतरच्या नुकसानीचे विमा संरक्षण परत आणा, आणि प्रत खालावल्याने पडलेला भाव नुकसानीत धरा. ही दयेची याचना नाही. सरकारने नियम वाऱ्यासाठी केले, आम्हाला बुडवते पाणी. नियम पाण्यासाठीही करा, एवढेच म्हणणे आहे.

पुढच्या बैठकीला येताना हातात ती वही असू द्या. वादळाला नाव असो वा नसो, त्याने आपल्या रानात किती पाणी ओतले ते त्या वहीत लिहिलेले असले पाहिजे.